रोझा पॉन्सेल एका रात्रीत घडली नव्हती

ऑपेराप्रेमी मंडळी अमेरिकन गायिका रोझा पॉन्सेलची गोष्ट सांगतात ती नेहमी १५ नोव्हेंबर १९१८ पासून. महायुद्ध थांबून जेमतेम चार दिवस झालेले. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात (म्हणजे 'मेट'मध्ये) इटालियन संगीतकार व्हेर्दीचा 'ला फोर्झा देल देस्तिनो' पहिल्यांदाच होतोय. नायक साक्षात कारुझो, त्या काळचा सर्वात गाजलेला ऑपेरागायक, आणि नायिका २१ वर्षांची एक मुलगी, जिने त्याआधी एकाही ऑपेरात काम केलेलं नाही. पडदा पडला तेव्हा ती स्टार झाली होती.

खरं आहे सगळं. पण मला या गोष्टीचा राग येतो, कारण तिच्यात आधीची वर्षं कुठेच नसतात. कनेक्टिकटमधल्या मेरिडन गावात, इटालियन स्थलांतरितांच्या घरात जन्मलेली ही पोर मूकपटांच्या थिएटरात पियानो वाजवायची, रीळ बदलेपर्यंत गाणी म्हणायची. मग थोरली बहीण कार्मेला तिला व्हॉडव्हिलमध्ये, म्हणजे हरतऱ्हेच्या करमणुकीच्या लोकप्रिय खेळांत, घेऊन गेली. जादूगार, नकलाकार, कसरतवाले यांच्या मध्ये उभं राहून या 'पॉन्झिलो सिस्टर्स' (पॉन्झिलो हे त्यांचं मूळ आडनाव) गायच्या. तिथलं पब्लिक काही आदराने गप्प बसणारं नसे. त्याला पहिल्या ओळीतच पकडावं लागे. रोज हेच करणाऱ्या गायिकेला अननुभवी कसं म्हणायचं? ऑपेरावाल्यांना व्हॉडव्हिल हलकं वाटायचं, म्हणून ती मेहनत हिशेबात धरली गेली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि कार्मेला! गायनशिक्षक विल्यम थॉर्नरकडे आधी जात होती ती. धाकटीलाही ऐका, हा आग्रह तिचाच. थॉर्नरने कारुझोला बोलावलं आणि पुढचं जग जाणतं. कार्मेलाही १९२५ मध्ये मेटवर पोचली, पण आज तिचं नाव फक्त 'रोझाची बहीण' म्हणून येतं.

रोझाचं शिखर म्हणजे १९२७ चा 'नॉर्मा'. तीसहून जास्त वर्षं मेटने या ऑपेराला हात लावला नव्हता. तिचे खालचे सूर गडद, जाड मखमलीसारखे, आणि ओळ कुठे तुटतच नाही. वरच्या सी या अगदी उंच सुराची मात्र तिला आयुष्यभर धास्ती होती.

१९३५ मध्ये तिने 'कार्मेन' हे ऑपेरातलं पात्र केलं आणि न्यूयॉर्क टाइम्सचा समीक्षक ओलिन डाउन्सने ते अक्षरशः फाडलं. पुढे तिने संगीतकार चिलेआचा 'आद्रिआना लेकुव्रर' हा ऑपेरा मागितला, मेटने नकार दिला. १९३७ मध्ये, चाळिशीत, ती रंगमंचावरून उतरली ती कायमचीच. टीकेने खचली, घाबरली, असं लिहितात. थोडं असेलही. पण नको ती भूमिका रेटत बसण्यापेक्षा निघून जाण्यात मला तरी ताठ कणा दिसतो. बाल्टिमोरजवळच्या आपल्या 'व्हिला पाचे' या घरात ती राहिली, बाल्टिमोरच्या सिव्हिक ऑपेरा या संस्थेला उभं करण्यात हातभार लावला, तरुण गायकांना तयार केलं.

१९५४ मध्ये आरसीए या रेकॉर्ड कंपनीने त्याच घरात यंत्रं नेऊन तिची गाणी ध्वनिमुद्रित केली. तेव्हा ती ५७ वर्षांची होती. 'तिचा आवाज संपला होता' म्हणणाऱ्यांनी आधी ती ऐकावीत, मग माझ्याशी भांडायला यावं. कमेंट्स उघड्या आहेत.