‘अनुदान संपले की प्रयोग संपतो’ : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

‘एक जुना वाचक’ या नावाने आपण माझ्या मागील लेखावर प्रतिक्रिया दिलीत. स्थानिक बातम्या आणि लोकांच्या माहितीच्या गरजा यांसाठी चाललेल्या नव्या प्रयोगांना धर्मादाय संस्थांनी पैसा का पुरवावा, हा त्या लेखाचा विषय होता. नव्याने वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून आपली प्रतिक्रिया आपल्याच शब्दांत येथे देतो : ‘अनुदान संपले की प्रयोग संपतो. एव्हरीब्लॉकचे काय झाले ते पाहा. वार्ताहरांचे पगार द्यायचे सोडून ॲप बनवणाऱ्यांना पैसे वाटणे हा श्रीमंत संस्थांचा छंद आहे. शिवाय पैसे देणारा ठरवील तीच लोकांची गरज ठरते. लेखकाने वृत्तपत्राच्या कार्यालयात कधी पाऊल टाकले असते, तर असे स्वप्नाळू लिखाण त्याच्या हातून झाले नसते.’

शेवटच्या वाक्याचा परामर्श आधी घेतो. बाकीच्या विधानांबाबत मतभेद असू शकतात आणि ते मांडण्याचा आपला अधिकार मला पूर्णपणे मान्य आहे. परंतु ज्याची आपली साधी ओळखही नाही, त्याने आयुष्यात काय केले आणि काय केले नाही हे एका लेखावरून ठरवून टाकणे म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणे होय. मी अनेक वर्षे स्थानिक दैनिकांत नोकरी केली, आधी बातमीदार म्हणून आणि नंतर उपसंपादक म्हणून. स्थानिक प्रशासनाच्या सभेची विषयपत्रिका हातात पडली की कोणता विषय मुद्दाम खालच्या क्रमांकावर ढकलला आहे हे कसे ओळखायचे, ते मी सभागृहातल्या पत्रकारांच्या बाकावर बसूनच शिकलो. सभा लांबली की पान सोडण्याची वेळ जवळ येई, कार्यालयातून विचारणा सुरू होई आणि मिळाली तेवढी बातमी घेऊन आम्ही उठत असू. मागे राहत ते ‘ऐनवेळचे विषय’. आमचे बाक रिकामे झाल्यावर ते एकापाठोपाठ एक मंजूर होत आणि दुसऱ्या दिवशीच्या अंकात त्यांचा मागमूसही नसे. पुढे खर्चकपातीचे कारण सांगून त्या दैनिकाने सभांना माणूस पाठवणेच बंद केले. मग प्रसिद्धिपत्रक येई आणि त्याचे शीर्षक बदलून आम्ही तेच छापत असू. आपल्याला जे लिखाण स्वप्नाळू वाटले, ते हे सगळे पाहिलेल्या माणसाचे आहे. हे मला सांगावे लागले याचा खेद वाटतो, कारण लेखातला युक्तिवाद बरोबर की चूक हे लेखकाच्या नोकरीवर अवलंबून नसते. पण प्रश्न आपणच उपस्थित केलात.

आपल्या बाजूने एक गोष्ट मान्य करतो. मागील लेखात संगणकीय साधनांची उदाहरणे आधी आणि विस्ताराने आली, तर माणसांच्या बळावर उभ्या असलेल्या उपक्रमांना शेवटी थोडीच जागा मिळाली. भराभर वाचणाऱ्याचा त्यामुळे असा समज होऊ शकतो की मला फक्त यंत्रांचेच कौतुक आहे. तसे ते नाही, आणि त्याकडे मी पुढे येतोच.

आता एव्हरीब्लॉक. आपण हे नाव अशा थाटात घेतले आहे की जणू ते उच्चारले की चर्चाच संपावी. म्हणून या प्रकरणातल्या तारखा एकदा नीट लावून पाहू. २००७ साली अमेरिकेतील नाइट फाउंडेशन या धर्मादाय संस्थेने ‘नाइट न्यूज चॅलेंज’ या स्पर्धेतून ॲड्रियन होलोव्हाटी या पत्रकार व संगणक-अभियंत्याला या कल्पनेसाठी ११ लाख डॉलरचे अनुदान दिले. एखाद्या रहिवाशाला आपल्या घराच्या आसपासच्या दोन-चार गल्ल्यांत काय घडते आहे हे एकाच ठिकाणी कळावे, अशी ती कल्पना होती : गुन्ह्यांच्या नोंदी, बांधकाम परवाने, उपाहारगृहांच्या तपासणीचे निकाल, आणि त्याच परिसराविषयी इतरत्र छापून आलेल्या बातम्या. २००८ च्या सुरुवातीला शिकागो, न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्को या शहरांसाठी ही सेवा सुरू झाली. २००९ साली अनुदानाची मुदत संपली, अटीप्रमाणे तिची संगणकीय आज्ञावली सर्वांसाठी खुली करण्यात आली आणि त्याच वर्षी एमएसएनबीसी डॉट कॉम या बातम्यांच्या संकेतस्थळाने ती सेवा विकत घेतली. सेवा बंद झाली ती फेब्रुवारी २०१३ मध्ये, तोवर त्या संकेतस्थळाची मालक झालेल्या एनबीसी न्यूजच्या निर्णयाने. म्हणजे अनुदान संपल्यावरही प्रयोग साडेतीन वर्षे चालला, आणि तो बंद पाडला तो नफ्याचा हिशेब मांडणाऱ्या एका बड्या कंपनीने. आपण पुरावा म्हणून आणलेले उदाहरण आपल्याच विधानाविरुद्ध साक्ष देते.

या प्रकरणातून धडा घ्यायचाच असेल तर तो वेगळा आहे आणि अधिक गंभीरही आहे. ती सेवा आगाऊ सूचना न देता बंद करण्यात आली. तोवर रहिवासी एकमेकांशी जे बोलत होते, आपल्या भागातल्या चोऱ्यांविषयी, पथदिव्यांविषयी, शाळांविषयी, ते संवाद एका दिवसात दिसेनासे झाले. ज्या लोकांच्या गरजेसाठी हे सारे उभारले होते, त्यांच्या हाती काहीच उरले नाही, कारण मालकी त्यांच्याकडे कधीच नव्हती. अनुदान देणाऱ्यांना मी विचारीन तो प्रश्न हा आहे : पैसा थांबल्यावर या वस्तूचा मालक कोण असेल, आणि तिच्यात साठलेली माहिती कोणाच्या ताब्यात राहील? हा प्रश्न आपण विचारला असता तर माझे-आपले बरेचसे एकमत झाले असते. आपण तो विचारला नाहीत; आपण एक नाव फेकलेत आणि पुढे गेलात.

याच स्पर्धेतून २००९ साली डॉक्युमेंटक्लाउडला ७ लाख १९ हजार ५०० डॉलर मिळाले. प्रोपब्लिका ही ना-नफा शोधपत्रकारिता संस्था आणि न्यूयॉर्क टाइम्स येथील पत्रकारांची ती कल्पना होती. बातमी ज्या कागदांवर आधारलेली आहे ते मूळ कागद वाचकासमोर ठेवायचे, त्यांतला मजकूर शोधता येईल असा करायचा आणि नेमक्या परिच्छेदावर खूण करून पत्रकाराने शेजारी टिपण लिहायचे, अशी त्याची रचना आहे. ज्या छोट्या वृत्तपत्राकडे संगणकाचा एकही जाणकार नाही, तेही कंत्राटाचा कागद चढवून ‘हे पाहा, सातव्या पानावरचे हे कलम’ असे वाचकाला दाखवू शकते. अनुदान कधीच संपले, संस्थेचे घर बदलले, २०१८ साली ती सरकारी कागदपत्रे मागवून ती लोकांसमोर ठेवणाऱ्या मकरॉक या संस्थेत विलीन झाली, आणि तरीही ती आज चालू आहे. तिच्या कामातून निघालेली बॅकबोन आणि अंडरस्कोर ही मुक्त साधने जगभरच्या संगणक-अभियंत्यांनी वापरली. त्याआधीचे एक उदाहरण तर कुठल्याही अनुदानाशिवायचे आहे. कॅन्सस राज्यातील लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड या स्थानिक दैनिकात बातम्यांचे संकेतस्थळ रोज वेगाने अद्ययावत करता यावे म्हणून होलोव्हाटी आणि सायमन विलिसन यांनी २००३ मध्ये संकेतस्थळे उभारण्यासाठी जी तयार आज्ञावलीची चौकट लिहायला घेतली, ती २००५ साली जँगो या नावाने खुली झाली आणि पुढे इन्स्टाग्राम तिच्यावर उभे राहिले. स्थानिक दैनिकाच्या कार्यालयात एका कोपऱ्यात दोन माणसांना विचार करायला वेळ मिळाला, म्हणून हे घडले. असा वेळ बहुतेक स्थानिक वृत्तपत्रांना स्वतःच्या खर्चाने देता येत नाही. तो विकत घेऊन देणे हेच अनुदानाचे काम आहे.

पगाराच्या मुद्द्याकडे येतो. ‘वार्ताहर की प्रयोग’ असा पेच आपण उभा केला आहे, आणि तो मला मुळातच मान्य नाही. ब्रिटनमध्ये बीबीसीने टीव्ही पाहणाऱ्या घरांकडून घेतल्या जाणाऱ्या परवाना शुल्काच्या पैशातून सुरू केलेली स्थानिक लोकशाही वृत्तसेवा पाहा. सुमारे १६५ वार्ताहरांच्या पगाराचा भार बीबीसी उचलते, नोकरी मात्र स्थानिक वृत्तसंस्थांकडे असते, आणि त्यांनी स्थानिक प्रशासनाविषयी दिलेली बातमी योजनेत सहभागी असलेल्या कोणत्याही माध्यमाला वापरता येते. यात नवे यंत्र कोणते आहे? कोणतेही नाही. नवी आहे ती पैसा, नोकरी आणि बातमीची मालकी यांची मांडणी. शिकागोच्या सिटी ब्युरो या ना-नफा वृत्तसंस्थेचा ‘डॉक्युमेंटर्स’ हा उपक्रम तर सामान्य रहिवाशांनाच प्रशिक्षण देतो आणि मोबदला देऊन सार्वजनिक सभांना पाठवतो. ते शेवटपर्यंत बसून टिपणे काढतात, संपादक ती तपासतो आणि ती सर्वांसाठी प्रसिद्ध होतात. पत्रकार उठून गेल्यावर सभागृहात काय होते हे मी जवळून पाहिले असल्याने, या एका उपक्रमाचे मोल मला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

आणि डेट्रॉइटच्या आउटलायर मीडिया या स्थानिक वृत्तसंस्थेला आपण ‘ॲप बनवणारे’ म्हणणार असाल, तर आपण त्यांचे काम पाहिलेले नाही असे मला स्पष्टच म्हणावे लागेल. २०१६ मध्ये सारा अल्वारेझ यांनी ते सुरू केले. लोकांना काय हवे असेल याची कल्पना करत बसण्याऐवजी, मदतीसाठीच्या २११ या दूरध्वनी सेवेवर लोक कशासाठी फोन करतात याची आकडेवारी त्यांनी आधी पाहिली. घराचा प्रश्न त्यात ठळकपणे पुढे आला. भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाला, घरमालकाने कर थकवला आहे आणि घर जप्त होऊ शकते, हे कळण्याचा सोपा मार्ग नव्हता. आउटलायरने मोबाइलवरच्या साध्या लघुसंदेशाचा मार्ग निवडला : घराचा पत्ता पाठवायचा, उत्तरात मालकाचे नाव आणि थकीत कराची स्थिती येते, आणि तेवढ्याने काम भागले नाही तर वार्ताहर स्वतः त्या माणसाशी बोलतो. दहा हजार वाचकांसाठी छापलेली एक बातमी आणि एका भाडेकरूला त्याच्याच घराविषयी वेळेवर मिळालेले एक उत्तर, यांत पत्रकारितेला मी दुसऱ्या गोष्टीनेही मोजतो. आपल्या मते हा छंद असेल, तर ज्याच्या डोक्यावरचे छप्पर त्या उत्तरावर अवलंबून आहे त्याला एकदा विचारा.

राहता राहिला देणगीदाराच्या प्रभावाचा मुद्दा. तो नवा नाही, जाहिरातदाराच्या बाबतीत तो वृत्तपत्रांना पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे, आणि देणगीदारांची नावे व अटी उघड करणे हा त्यावरचा रूढ उपाय आहे. यापेक्षा अधिक लिहिण्यासारखे आपल्या एका ओळीत मला काही आढळले नाही. २०२३ साली ‘प्रेस फॉरवर्ड’ या नावाने मॅकआर्थर फाउंडेशनसह अनेक संस्थांनी पाच वर्षांत ५० कोटी डॉलर स्थानिक बातम्यांसाठी देण्याचे जाहीर केले. त्यातला पैसा कोणाला, कोणत्या अटीवर आणि किती मुदतीसाठी मिळतो आहे, हे तपासणे माझ्या मते आज अधिक निकडीचे आहे. अशी तपासणी करून आपण काही लिहिलेत तर ते मी या लेखाखाली आनंदाने प्रसिद्ध करीन, माझ्या मताविरुद्ध असले तरीही. मात्र त्यात एव्हरीब्लॉकबरोबर डॉक्युमेंटक्लाउडचा, डॉक्युमेंटर्सचा आणि आउटलायरचाही विचार केलेला असावा, आणि ‘अनुदान संपले की प्रयोग संपतो’ हे वाक्य या तिघांना कसे लागू होते, ते आपण नावानिशी दाखवावे.