गुळाच्या अक्रोड नानकटाईने शुगरची गोळी सुटत नाही

आत्याने दिवाळीच्या तोंडावर फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला. अक्रोड घालून गुळाची नानकटाई करा, रोज ४ खा, हार्टचे ब्लॉकेज निघतात, गूळ नॅचरल म्हणून शुगर वाढत नाही, १५ दिवसांत गोळी सुटते, वर स्मरणशक्तीही वाढते. आईला पटलं. दरवर्षीसारखी ती पीठ-तुपाचे डबे घेऊन बेकरीत भाजून आणायला गेली, यंदा फक्त पिठीसाखरेऐवजी गूळ पावडर आणि वर अक्रोडाचा चुरा. बाबांना १२ वर्षं डायबिटीस आहे. धनत्रयोदशीपासून ते सकाळ-संध्याकाळ दोन-दोन खात होते आणि रात्रीची गोळी त्यांनी कोणाला न सांगता बंद केली. भाऊबीजेला सकाळी ग्लुकोमीटर लावला तर उपाशीपोटी २६८!

त्यामुळे आधी गुळाचंच बोलू. गूळ म्हणजे उसाचाच रस आटवलेला, त्यात सगळ्यात जास्त असतं ते सुक्रोज, म्हणजे साखरेच्या डब्यात असतं तेच. थोडं लोह, थोडी खनिजं असतात, मान्य, पण त्याने शुगर चढायची थांबत नाही. आणि मैद्याचं काय? त्यातल्या स्टार्चचं पण पोटात ग्लुकोजच होतं, त्याबद्दल मेसेजमध्ये एक अक्षर नाही. पण मला खरा राग आहे तो गोळी सुटते या वाक्याचा. ज्याने हे लिहिलं त्याला समोरच्याचा एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी शुगर, माहीत नाही, किडनी कशी आहे माहीत नाही, आणि तो सरळ औषध सोडायला सांगतोय. गोळी कमी करायची का, कधी करायची, हे फक्त डॉक्टर रिपोर्ट बघून ठरवतात.

आता अक्रोड आणि हार्ट. यात तथ्य आहे, नाही म्हणणार नाही. स्पेनमध्ये प्रेडिमेड नावाचा मोठा अभ्यास झाला, ७,४४७ लोक, सगळे हार्टचा धोका जास्त असलेले. एका गटाला भूमध्य सागराकडच्या पद्धतीच्या जेवणासोबत रोज ३० ग्रॅम सुकामेवा दिला, त्यात १५ ग्रॅम अक्रोड, बाकी बदाम आणि हेझलनट. हार्ट अटॅक, स्ट्रोक आणि त्यातून होणारे मृत्यू मिळून जवळपास ३० टक्के कमी झाले. २०१३ चा पेपर गट पाडण्यातल्या चुकांमुळे मागे घेतला होता, २०१८ मध्ये परत हिशोब करून छापला, निष्कर्ष साधारण तोच राहिला. पण ब्लॉकेज निघाले असं त्यात कुठेही नाही, आणि त्या लोकांनी सुकामेवा खाल्ला होता, नानकटाई नाही.

आईचं माप घ्या. २०० ग्रॅम मैदा, १०० तूप, १०० गूळ, ५० अक्रोड, त्यात २५ नग झाले. म्हणजे एका नगात अक्रोड २ ग्रॅम, गूळ ४, तूप ४. अभ्यासातल्या सुकामेव्याइतके ३० ग्रॅम अक्रोड नानकटाईतून पोटात जायला १५ नग खावे लागतील, सोबत ६० ग्रॅम गूळ, ६० ग्रॅम तूप आणि १२० ग्रॅम मैदा. हे हार्टसाठी?

स्मरणशक्तीचं म्हणाल तर अक्रोड मेंदूसारखा दिसतो यापलीकडे त्या मेसेजमध्ये काही कारणच दिलेलं नाही.

डॉक्टरांना फोन करून बाबांची गोळी त्याच दिवशी परत सुरू केली. अक्रोड चालू आहेत, सकाळी चहाच्या आधी नुसतेच, सात-आठ अर्धुकं. आत्याने ग्रुपवर लिहिलं की मेसेज चुकीचा होता. तिला तो भिशीच्या ग्रुपवरून आला होता, तिथे अजून कोणी काही बोललेलं नाही.