समोशावरचा न आलेला कर आणि एक फिरता संदेश

२०२५ च्या पावसाळ्यापासून नागपुरातील कौटुंबिक आणि गृहनिर्माण संस्थांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा येतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : समोसा-जिलेबीवर ‘फॅट टॅक्स’ येत असून त्याची सुरुवात नागपुरातून होणार आहे, हा कर डेन्मार्कमध्ये सपशेल फसला, महाग झाले म्हणून कोणी खाणे सोडत नाही, भुर्दंड पडतो तो गरिबाला, सरकारला फक्त तिजोरी भरायची आहे, आपले आजोबा तूपसाखर खाऊन नव्वदीपर्यंत ठणठणीत होते, आणि काही करायचेच असेल तर कर नको, जनजागृती करा. सकाळी तर्री पोह्यांच्या गाडीपाशी उभे राहून वाचायला हा मजकूर चविष्ट आहे खरा, पण त्यातील एकेक विधान सुटे करून पाहिले की फार थोडे हाती उरते. जे उरते तेही मी मान्य करणार आहे.

पहिले विधान बातमीच्या विपर्यासातून आले आहे. जून २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सरकारी कार्यालये आणि संस्थांना सुचवले की, उपाहारगृहे, बैठकीची दालने अशा ठिकाणी पदार्थांतील तेल आणि साखरेचे प्रमाण दाखवणारे फलक लावावेत. जुलैमध्ये ही बातमी नागपूरच्या एम्सच्या संदर्भात झळकली, समोसा आता सिगारेटच्या पंक्तीला बसला अशा थाटाची चर्चा देशभर झाली आणि अखेर मंत्रालयालाच खुलासा करावा लागला की, विक्रेत्यांच्या पदार्थांवर इशारा छापण्यास कोणालाही सांगितलेले नाही आणि भारतीय पदार्थांना वेगळे काढलेले नाही. या साऱ्यात कराचा उल्लेख कोठेही नव्हता. हातगाडीवरील समोशापुरते बोलायचे तर वर्षाची उलाढाल वीस लाख रुपयांच्या आत असलेल्या अशा विक्रेत्याला जीएसटीची नोंदणीच करावी लागत नाही. त्याच्या कढईपर्यंत कोणताही आरोग्य कर सरळ पोहोचू शकत नाही. हिवाळी अधिवेशनात विधिमंडळाने मनात आणले तरी राज्याला असा विक्रीकर स्वतंत्रपणे लावता येणार नाही, कारण जुलै २०१७ नंतर तो अधिकार जीएसटी परिषदेच्या चौकटीत गेला आहे. केरळने जुलै २०१६ च्या अर्थसंकल्पात नाममुद्रांकित (ब्रँडेड) उपाहारगृहांतील पिझ्झा, बर्गर अशा पदार्थांवर साडेचौदा टक्के कर जाहीर केला होता. तोही वर्षभरात जीएसटीत विरून गेला.

डेन्मार्कचा दाखला या संदेशाचे सर्वांत धारदार शस्त्र आहे, म्हणून तो नीट पाहू. डेन्मार्कने १ ऑक्टोबर २०११ पासून, ज्या पदार्थांत संपृक्त मेद (सॅच्युरेटेड फॅट) २.३ टक्क्यांहून अधिक आहे, त्यांतील या मेदावर किलोमागे १६ क्रोनर इतका कर लावला आणि १ जानेवारी २०१३ पासून तो मागे घेतला. म्हणजे अवघे पंधरा महिने. इतक्या काळात हृदयविकार घटला की नाही हे कळण्याचा संभवच नव्हता. खरेदीवर झालेला परिणाम मात्र मोजला गेला : पहिल्या काही महिन्यांत लोणी, मार्गारीन आणि तत्सम पदार्थांची खरेदी दहा ते पंधरा टक्क्यांनी खाली आली. मग तो मागे का घेतला गेला? एक तर लोणी, चीज आणि मांस हे त्या देशाच्या रोजच्या ताटातले आणि तिथल्या शेतीच्या अर्थकारणातले पदार्थ, त्यामुळे उत्पादकांचा विरोध तीव्र होता. दुसरे म्हणजे ग्राहक सीमा ओलांडून जर्मनीतून सामान आणू लागले. तिसरे, प्रत्येक पदार्थातील संपृक्त मेदाचा हिशेब ठेवणे व्यापाऱ्यांना जिकिरीचे झाले. यातून धडा निघतो तो इतकाच की, एका छोट्या देशाने, मुख्य अन्नावर, शेजाऱ्यापेक्षा वेगळा दर लावू नये. देशाच्या मध्यावरच्या झिरो माइलच्या गावाला, म्हणजे नागपूरला, सीमेपलीकडच्या स्वस्ताईची भीती घालणे तर गमतीचेच आहे. पेट्रोल आणि दारू जीएसटीबाहेर असल्याने राज्याराज्यांत त्यांचे भाव वेगळे असतात, पण जीएसटीचा दर मध्य प्रदेशातल्या सौंसरला आणि महाराष्ट्रातल्या सावनेरला एकच आहे.

शिवाय हा संदेश डेन्मार्कपाशीच थांबतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे. गोड पेयांवर कोणता ना कोणता कर लावणारे देश आज शंभराहून अधिक आहेत आणि त्यांपैकी मेक्सिकोचा अनुभव ‘महाग झाले म्हणून कोणी सोडत नाही’ या तिसऱ्या विधानाला थेट उत्तर देतो. मेक्सिकोने १ जानेवारी २०१४ पासून साखरयुक्त पेयांवर लीटरमागे एक पेसो, म्हणजे किमतीच्या साधारण दहा टक्के, कर लावला. पहिल्या वर्षी या पेयांची खरेदी अपेक्षेपेक्षा सरासरी साडेपाच टक्क्यांनी आणि दुसऱ्या वर्षी साडेनऊ टक्क्यांहून अधिक घटली. ‘कोणी सोडत नाही’ हे वाक्य तसे खोटेही नाही. बहुतेक लोक सोडत नाहीत, कमी करतात, आणि सार्वजनिक आरोग्याच्या हिशेबात लाखो लोकांनी थोडे कमी करणे हेच मोठे असते. तंबाखूच्या बाबतीत हे फार पूर्वी सिद्ध झाले आहे : किंमत दहा टक्क्यांनी वाढली की गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत खप सुमारे पाच टक्क्यांनी उतरतो. याउलट नुसत्या बंदीचे काय होते हे विदर्भाला कोणी सांगायला नको. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे आणि प्लास्टिकच्या तुकड्यावर घोटलेला तंबाखू-सुपारीचा खर्रा चौकाचौकांत मिळतो.

आता गरिबाच्या भुर्दंडाचा मुद्दा. यात तथ्य आहे. अप्रत्यक्ष कर कोणताही असो, त्याचा वाटा गरिबाच्या कमाईत मोठाच असतो आणि हे नाकारून खाद्यपदार्थांवरील कराचे समर्थन करणाऱ्यांनी स्वतःचेच म्हणणे कमकुवत करून घेतले आहे. पण हिशेब एवढ्यावर संपत नाही. मेक्सिकोत खरेदीतील घट सर्वांत जास्त झाली ती गरीब कुटुंबांत. म्हणजे कराचा बोजा जेवढा त्यांच्यावर, त्याहून अधिक आरोग्यलाभ त्यांच्याकडे गेला असण्याची शक्यता आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात मधुमेहाचे रुग्ण सुमारे १० कोटी १० लाख आहेत आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले १३ कोटी ६० लाख. यांतला जो मजूर साखर तपासण्यासाठी नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात रांग लावतो, तो त्या दिवसाची मजुरी बुडवून येतो. हा भुर्दंड कोणत्याही पावतीवर छापला जात नाही. प्रश्न कर कशावर लावायचा हा आहे. तांदूळ, डाळ, तेल, दूध यांवर लावलेला कर गरिबाचे ताट हिसकावतो. बाटलीबंद गोड पाण्यावरील कर तसे करीत नाही, कारण त्याला नळाच्या पाण्याचा, ताकाचा, लिंबाचा पर्याय आहे.

‘सरकारला फक्त तिजोरी भरायची आहे’ या विधानाला ब्रिटनची आकडेवारी पुरेशी आहे. तिथे एप्रिल २०१८ पासून शीतपेयांवर साखरेच्या प्रमाणानुसार कर आहे. सुरुवातीचे दर असे होते : १०० मिलीलीटरमध्ये पाच ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर काहीच नाही, पाच ते आठ ग्रॅमपर्यंत लीटरमागे १८ पेन्स आणि त्याहून अधिक असेल तर २४ पेन्स. घोषणा मार्च २०१६ मध्ये झाली होती आणि मधल्या दोन वर्षांत कंपन्यांनी आपल्या पेयांतील साखर स्वतःहूनच खाली आणली. पहिल्या वर्षी ५२ कोटी पौंड मिळतील असा आरंभीचा अंदाज होता. प्रत्यक्षात २४ कोटींच्या आसपास मिळाले. तिजोरी भरण्याचा उपाय म्हणून तो फसला आणि म्हणूनच तो यशस्वी ठरला, कारण २०१५ ते २०२० या काळात त्या पेयांतील साखरेचे सरासरी प्रमाण चाळीस टक्क्यांहून अधिक घटले होते. ग्राहकाने एकही सवय न बदलता त्याच्या पोटात कमी साखर गेली. २०२३ च्या एका अभ्यासात दहा-अकरा वर्षांच्या मुलींमधील लठ्ठपणा अपेक्षेपेक्षा आठ टक्क्यांनी कमी आढळला. मुलग्यांत मात्र असा फरक दिसला नाही. ही प्रामाणिक अडचण आहे : खरेदी घटते याचा पुरावा भक्कम आहे, वजन घटते याचा त्यामानाने विरळ.

आपल्याकडे या मुद्द्यावर रागावण्याजोगे काही असेल तर ते वेगळेच आहे आणि ते या संदेशात शोधूनही सापडत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. वायुमिश्रित शीतपेयांवर चाळीस टक्के कर आहे. पूर्वीचे अठ्ठावीस टक्के आणि वरचा बारा टक्के उपकर मिळून तो तेवढाच होता. ऐकायला हा जगातील कडक आरोग्य करांपैकी एक वाटतो. पण तो साखरेवर नाही, बुडबुड्यांवर आहे. साखर अजिबात नसलेल्या ‘डाएट’ पेयावर चाळीस टक्केच आणि १०० मिलीलीटरमध्ये दहा-अकरा ग्रॅम साखर असलेल्या पेयावरही चाळीस टक्केच. मग कोणत्या कंपनीने कशासाठी साखर कमी करावी? उलट ज्यात वायू भरलेला नाही अशा, फळांच्या गरापासून किंवा रसापासून केलेल्या पेयांवरील कर बारावरून पाच टक्क्यांवर आला आहे. त्यात साखर किती घातली आहे याला काहीच महत्त्व नाही. संत्र्याच्या शहरात फळाचे पेय स्वस्त झाल्याचा आनंद वाटायला हवा, परंतु अशा अनेक बाटल्यांत फळाचा वाटा थोडा आणि साखरपाण्याचा फार असतो, आणि काटोल-वरुडच्या बागाईतदाराला त्यातून फारसे काही मिळत नाही. त्याच दिवशी चॉकलेट, बिस्किटे आणि आइस्क्रीम यांवरील कर अठरावरून पाच टक्के झाला, तर पाकीटबंद फरसाण-भुजियावरील बारावरून पाच. त्याच वर्षीच्या जानेवारीत केंद्राच्याच आर्थिक पाहणी अहवालाने अतिप्रक्रियायुक्त पदार्थांवर अधिक दराच्या ‘आरोग्य करा’चा विचार व्हावा असे सुचवले होते. तेलाचेही असेच. फेब्रुवारीत पंतप्रधानांनी खाद्यतेलाचा वापर दहा टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन केले आणि मेअखेरीस कच्च्या पाम, सोयाबीन व सूर्यफूल तेलावरील मूळ आयात शुल्क वीसवरून दहा टक्क्यांवर आणले गेले. महागाईच्या दृष्टीने त्याला कारण होते, हे मान्य. पण ज्या देशात खाण्यावर जुलमी आरोग्य कर बसवला जात असल्याची ओरड आहे, तिथे कराची गाडी नेमकी उलट दिशेने चालली आहे.

आजोबांच्या तूपसाखरेबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतीय माणसाचे सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होते. त्यात बालमृत्यूंचा वाटा मोठा होता हे खरे, तरी नव्वदी गाठलेले आजोबा आठवतात ते विरळ होते म्हणूनच. त्यांच्या पिढीत तूप सणावारी वाढले जाई आणि शेतावरून घरी पायी यावे लागे. नीती आयोगाच्या २०२४ च्या अहवालानुसार आज खाद्यतेलाचा दरडोई वापर वर्षाला १९.७ किलो आहे, तर वैद्यक संशोधन परिषदेची शिफारस साधारण १२ किलोंची आहे. आजोबांच्या ताटाशी या आकड्याचा संबंध नाही.

राहिले शेवटचे विधान, कर नको, जनजागृती करा. ज्या फलकाच्या बातमीतून हा संदेश जन्मला, तो फलक जनजागृतीच होता. त्यासाठी कोणाला एक रुपयाही जास्त द्यावा लागणार नव्हता, कोणाची कढई बंद होणार नव्हती. एका समोशात तेल किती हे फक्त लिहिले जाणार होते आणि तेवढ्यावर देशभर हशा पिकला. जनजागृतीची मागणी मनापासून असेल तर तिची पुढची पायरीही ठरलेली आहे. चिलीने २०१६ पासून साखर, मीठ, संपृक्त मेद किंवा उष्मांक प्रमाणाबाहेर असलेल्या पाकिटांच्या दर्शनी भागावर काळी अष्टकोनी मुद्रा सक्तीची केली. आपल्याकडे अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने सप्टेंबर २०२२ मध्ये जो मसुदा काढला, त्यात इशाऱ्याऐवजी तारांकने सुचवली होती, म्हणजे चिप्सच्या पाकिटालाही एखादा तारा मिळायचा. इतवारीच्या ठोक बाजारातून खेड्यापाड्यांत जाणाऱ्या पाच रुपयांच्या पाकिटावर साखर आणि मेद किती हे लिहिलेले असते ते मागच्या बाजूला, दुमडीजवळ, बारीक इंग्रजी अक्षरांत. नरखेडच्या आठवडी बाजारात आजीच्या हातून ते पाकीट घेणारे पोर ते वाचत नाही आणि आजीलाही ते वाचता येत नाही.