चार आठवड्यांत बँकर कसे व्हाल

इन्व्हेस्टमेंट बँकेत चार आठवड्यांची इंटर्नशिप मिळाली की आजीला फक्त ‘बँकेत लागलो’ एवढंच सांगा. ती पासबुक भरून आणायला देईल, ते मुकाट्याने घ्या. तुमच्या बँकेत पासबुक नसतं, काउंटर नसतो, गृहकर्ज मिळत नाही. तिथे कंपन्यांना भांडवल उभं करून देतात, कंपन्या विकायला आणि विकत घ्यायला मदत करतात आणि त्याची फी लावतात. हे समजावत बसलात तर चारातला एक आठवडा घरातच संपेल.

जागा मिळाली कशी, हा विषय शक्यतो काढू नका. काकांच्या मित्राचं नाव निघालंच, तर ‘नेटवर्किंग’ म्हणा.

आता ब्लेझर. मे महिन्यात तो अंगात घालूनच घरातून निघा आणि वांद्रे पूर्वेला शेअर रिक्षाच्या रांगेत उभे राहा. ऑक्टोबर २०२४ पासून भुयारी मेट्रो थेट बीकेसीत, म्हणजे ऑफिस असलेल्या वांद्रे-कुर्ला संकुलात, येते आणि तिने गेलात तर ब्लेझर कोरडा राहतो, पण मग कष्टाची गोष्ट सांगायला काय उरणार? ऑफिसात शिरल्यावर दिसेल की ब्लेझर फक्त खुर्च्यांच्या पाठीवर आहेत, माणसं बाह्या दुमडून बसलीत. त्याकडे दुर्लक्ष करा.

पहिल्या दिवशी कॉम्प्लायन्सवाले, म्हणजे नियम पाळले जातात का ते बघणारे, कागदांचा गठ्ठा देतील. न वाचता सह्या ठोका. त्यात तुमचा पॅन, घरच्यांची डीमॅट खाती, असल्या बारीकसारीक चौकशा असतात. कंपनीची अप्रकाशित माहिती कुणाकुणाला कळली, त्यांची नावं आणि पॅन एका डिजिटल नोंदवहीत ठेवावे लागतात, असा शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या इनसायडर ट्रेडिंग (आतल्या माहितीवर शेअरची खरेदी-विक्री) नियमांचा दंडक आहे. म्हणूनच प्रत्येक व्यवहाराला टोपणनाव असतं, प्रोजेक्ट गुलमोहर वगैरे. लिफ्टमध्ये टोपणनाव ठीक आहे. मामाशी बोलताना मात्र कंपनीचं खरं नाव घ्या, तेही विरार फास्टमध्ये चौथ्या सीटवर बसून. मामाने शेअर घेतले आणि पत्र आलं, तर सेबी कायद्याच्या १५जी कलमात दंड १० लाख रुपयांपासून सुरू होतो. वरची हद्द २५ कोटी किंवा नफ्याच्या तिप्पट, जे जास्त असेल ते. स्टायपेंडमधून हप्ते पाडून मिळतात का, ते विचारून ठेवा. सेबी भवन बीकेसीतच आहे, रिक्षाचाही खर्च नाही.

दुसऱ्या दिवशी ॲनालिस्ट ‘जरा कॉम्प्स काढ’ म्हणेल. म्हणजे त्याच धंद्यातल्या आठ-दहा लिस्टेड कंपन्यांचा तक्ता, प्रत्येकीच्या ईव्हीला एबिटाने (व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा) भागलेलं. ईव्ही म्हणजे इलेक्ट्रिक गाडी नाही, एंटरप्राइझ व्हॅल्यू, म्हणजे अख्ख्या धंद्याची किंमत, हे इथे प्रथम कळेल. बाजारमूल्य घ्या, त्यात कर्ज मिळवा, रोकड वजा करा, मायनॉरिटी इंटरेस्ट (उपकंपन्यांतला इतरांचा हिस्सा) मिळवा. चौथी-पाचवीचं गणित. म्हणूनच त्यात डोकं घालू नका, हातच चालू द्या.

भाव आजचा घ्या आणि शेअरची संख्या गेल्या वर्षीच्या वार्षिक अहवालातून. समजा शेअर ६०० रुपयांचा होता आणि शेअर १० कोटी. बाजारमूल्य ६,००० कोटी. मध्ये कंपनीने एकास एक बोनस दिला. आता भाव ३०० आणि शेअर २० कोटी. तुम्ही ३०० ला जुन्या १० कोटींनी गुणलंत की बाजारमूल्य ३,००० कोटी. कर्ज १,२०० कोटी, रोकड २०० कोटी, एबिटा ७०० कोटी धरा. खरा गुणक १० पट येतो, तुमचा ५.७ पट. कंपनीला पत्ता न लागू देता तुम्ही तिला एका दुपारी स्वस्त केलंत. शेवटी मीडियन, म्हणजे ओळीतला मधला आकडा, घेतात, त्यामुळे एकट्या कंपनीची चूक बऱ्याचदा लपून जाते. सरासरी घेतली की ती बाहेर पडते, तेव्हा सरासरीची ओळ गुपचूप उडवून टाका.

एककाकडेही बघू नका. एक कंपनी अहवाल कोटीत छापते, दुसरी लाखात, तिसरी मिलियनमध्ये. एक कोटी म्हणजे दहा मिलियन, एका शून्याचा तर फरक! एकीचे आकडे स्टँडअलोन (तिचे एकटीचे) आणि दुसरीचे कन्सॉलिडेटेड (उपकंपन्यांसकट) घ्या, विविधता येते. दुष्काळात तेरावा महिना ऐकला असेल. नेस्ले इंडियाने आर्थिक वर्ष डिसेंबरवरून मार्चवर नेलं तेव्हा जानेवारी २०२३ ते मार्च २०२४ असं पंधरा महिन्यांचं ‘वर्ष’ छापलं. तो एबिटा तसाच उचलून बाकीच्यांच्या बारा महिन्यांशेजारी मांडा. तळटीप कोण वाचतं? (ॲनालिस्टच्या वरचा असोसिएट वाचतो. फक्त तळटीपच वाचतो.)

मॉडेलमध्ये, म्हणजे कंपनीचे पुढच्या वर्षांचे आकडे मांडणाऱ्या एक्सेल फाइलमध्ये, हाताने भरलेला आकडा निळा, फॉर्म्युला काळा, दुसऱ्या शीटवरून आणलेला हिरवा, अशी रीत आहे. तुम्ही सगळं काळं ठेवा, दिसायला गंभीर वाटतं. ताळेबंद १४ कोटींनी जुळत नसेल तर चूक शोधत बसू नका. ‘इतर चालू देणी’ या ओळीत १४ टाइप करा, खालचा ‘चेक’ लगेच शून्य दाखवेल. रात्री साडेअकराला कुणीतरी विक्रीची वाढ १२ टक्क्यांवरून १५ करेल, सगळं मॉडेल हलेल आणि तुमचे १४ तेवढे जागच्या जागी उभे राहतील. चेक पुन्हा लाल. तोवर तुम्ही निघालेले असलात म्हणजे झालं.

पण निघणार कसे? सकाळी दहा ते संध्याकाळी सहा फारसं काम नसतं, कारण एमडी, म्हणजे टीमचे सर्वात वरचे साहेब, दिवसभर क्लायंटकडे असतात. ते गाडीत बसल्यावर डेक (क्लायंटला दाखवायचं प्रेझेंटेशन) उघडतात, लाल पेनाने खुणा करतात आणि पानांचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकतात. तुमचा दिवस तिथे सुरू होतो. अक्षर लागत नसेल तर विचारू नका, अंदाज करा. ‘डिलीट’ आणि ‘डीटेल’ लाल शाईत सारखेच दिसतात, आवडेल ते वाचा.

आयपीओचं काम हाती आलं तर नशीबच उघडलं. डीआरएचपी म्हणजे शेअर विकण्याआधी कंपनीची सगळी माहिती देणारा चार-पाचशे पानांचा मसुदा, आणि त्यातल्या प्रत्येक दाव्याला कागदाचा आधार लागतो. त्याला बॅकअप म्हणतात आणि तो गोळा करणं हे इंटर्नचं काम. ‘पश्चिम भारतातली आघाडीची उत्पादक’ असं वाक्य असेल तर आघाडी कशात, कुठल्या वर्षी आणि कुणाच्या अहवालानुसार, ते पान शोधून, वाक्यावर खूण करून फोल्डरमध्ये लावायचं. हे काम कंटाळवाणं आहे असं चारचौघांत मोठ्याने म्हणा. प्रवर्तकांनी सांगितलंय म्हणजे खरंच असणार, असं गृहीत धरून बॅकअपमध्ये कंपनीचंच ब्रोशर लावा. मसुदा पुढे किमान २१ दिवस लोकांच्या हरकतींसाठी खुला असतो. त्यात हरकत घेणारे प्रतिस्पर्धी असतात, त्यांनाही काम हवंच की.

डेकमध्ये एक्सेलचा चार्ट टाकताना साधं कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही करू नका. ‘एम्बेड वर्कबुक’वाला पर्याय निवडा. चार्टच्या पोटात अख्खं मॉडेल जातं. क्लायंटने त्यावर डबल क्लिक केलं की त्याला आपलं मूल्यांकन तर दिसतंच, शेजारच्या शीटवर त्याच्या स्पर्धकाचंही दिसतं. चित्र म्हणून चिकटवणारे लोक संकुचित वृत्तीचे असतात. जुन्या डेकवरून नवा बनवताना जुन्या कंपनीचं नाव ‘रिप्लेस ऑल’ने बदला आणि निश्चिंत राहा. लोगोमधलं, चार्टच्या शीर्षकातलं आणि फाइलच्या नावातलं नाव बदलत नाही, पण तेवढी जुन्या क्लायंटची आठवण राहिलेली बरी.

मग प्रिंटिंग. सहा प्रती, रंगीत, पाठपोट, डाव्या बाजूला स्पायरल. आडव्या पानाची डावी कड ही आखूड कड असते, तेव्हा ‘फ्लिप ऑन शॉर्ट एज’ निवडावं लागतं. तुम्ही ‘लाँग एज’च ठेवा, प्रिंटर ते आपणहून सुचवतो. एक पान सुलट, पुढचं उलटं. मीटिंगमध्ये एमडी ‘पान ९ बघू’ म्हणतील आणि समोरचे पाच जण एकाच वेळी वही गर्रकन फिरवतील. आधी एकच प्रत काढून, भोकं पाडून, उलटून बघण्यात चार मिनिटं जातात. ती लिंक्डइनसाठी राखून ठेवा.

लिंक्डइनवर फोटो टाकताना मागे आपली स्क्रीन दिसेल असं उभं राहा. शब्द नेहमीचेच, कृतज्ञ आणि नम्र. स्क्रीनवर गुलमोहरचा तक्ता उघडा असेल तर फोटो तेवढाच जिवंत वाटतो, आणि कॉम्प्लायन्सवाले तुम्हाला पहिल्या नावाने ओळखू लागतात.

रेझ्युमेवर लिहा : ‘हजार कोटींच्या आयपीओत कळीची भूमिका.’ यात खोटं काही नाही, स्पायरलची भोकं तुम्हीच पाडलीत. पुढच्या मुलाखतीत समोरचा माणूस ती ओळ वाचेल, पेन बाजूला ठेवेल आणि म्हणेल, “वा! मग मला सांगा, ईव्ही काढताना रोकड वजा का करतात?”

ब्लेझर घातलेला असेलच. बटण लावून घ्या.