क्लच जड झाला म्हणजे प्लेटच गेली का? ठाणेकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ठाणेकर (नाव टाकलं नाहीत, म्हणून हेच म्हणतो),

तुमची प्रतिक्रिया झोंबली, खोटं कशाला बोलू. चार दिवस उत्तर दिलं नाही ते त्यामुळेच. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो, यांनी माझी जड क्लचवरची पोस्ट वाचून अल्टोची केबल बदलली, नव्या केबलमध्ये मी लिहिलं होतं तसं वरून ऑइल सोडलं, महिनाभर पेडल लोण्यासारखं चाललं आणि आता घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये डावा गुडघा बोंबलतोय, पेडल जड तर आहेच वर करकर ('रफ') लागतं. मिस्त्री म्हणतो प्लेट (इंजिनची ताकद गिअरबॉक्सला पोचवणारी, झिजणारी चकती) गेली, पूर्ण सेट टाका. आणि ठाणेकरांचं म्हणणं, माझ्यासारखे घरबसले मेकॅनिक लोकांना खड्ड्यात घालतात.

तर दोन गोष्टी आधी कबूल करतो.

एक, ऑइलचा सल्ला चुकलाच. जुन्या साध्या केबलींना लोक वरून तेल सोडायचे, मीही तेच बघत आलोय, पण हल्लीच्या बऱ्याच केबलींना आतून प्लॅस्टिकचं अस्तर असतं आणि त्या तेलाशिवायच चालायच्या असतात. त्यात इंजिन ऑइल गेलं की धूळ चिकटते आणि थोड्या दिवसांत आत काळी लापशी तयार होते. तुमचा एक महिना बरा गेला आणि मग करकर सुरू झाली हे त्याच्याशी बरोब्बर जुळतं.

दुसरी चूक जास्त मोठी आहे आणि ती तुम्ही पकडलीत. मी ठोकून लिहिलं होतं की प्लेट झिजली तर क्लच स्लिप होतो (इंजिन फिरतं पण गाडी ओढत नाही), जड होत नाही. हे चूक आहे. प्रेशर प्लेटमध्ये (क्लच प्लेटला दाबून धरणारा भाग) जी स्प्रिंग असते ती थाळीसारखी चपटी, तिला आतल्या बाजूला बोटं असतात, पेडल दाबल्यावर पुढे सरकणारं रिलीज बेअरिंग त्या बोटांना ढकलतं तेव्हा क्लच प्लेट सुटते. प्लेट जाड असताना ही थाळी ज्या कोनात बसते तो कोन प्लेट झिजत जाते तसा बदलतो, बोटं बेअरिंगच्या दिशेला बाहेर येतात आणि त्यांना ढकलायला जास्त जोर लागतो. गंमत म्हणजे या काळात स्प्रिंगची पकड सुरुवातीला कमी नाही तर उलट वाढते, म्हणून गाडी स्लिप होत नाही, चढावर मस्त ओढते, आणि माणूस म्हणतो प्लेट ठणठणीत आहे. माझ्याच २०११च्या वॅगनआरचं हेच झालं. कुंभार्ली घाट चार माणसांसकट चढायची, कधी स्लिप नाही, केबल बदलल्यावर पेडल निम्मं हलकं झालं पण निम्मंच. गेल्या दिवाळीत गिअरबॉक्स उतरवला तर प्लेट झिजून रिव्हेटला (तिचं मटेरियल धरून ठेवणाऱ्या खिळ्यांना) टेकायला आलेली. तेव्हाच जुनी पोस्ट दुरुस्त करायला हवी होती, केली नाही, निव्वळ आळस.

पण म्हणून तुमच्या मिस्त्रीचं बरोबर ठरत नाही हो. त्याने काय बघून प्लेट म्हटलं? पेडल दाबून? पेडलवर तर सगळ्यांचाच भार एकत्र लागतो, केबल, फोर्कचा (बेअरिंगला ढकलणारा दांडा) शाफ्ट, बेअरिंग, प्रेशर प्लेट, आणि पायाला ते वेगवेगळं कळत नाही. गिअरबॉक्स उतरवायच्या आधी दहा मिनिटांचं काम आहे, ते करा. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक. बॉनेट उघडून गिअरबॉक्सवरच्या क्लचच्या लिव्हरपाशी या, तिथे केबलच्या टोकाला आटे आणि त्यावर अ‍ॅडजस्टिंग नट असतो. नटला हात लावायच्या आधी तो आट्यांवर कुठे बसलाय ते बघा, फोटोच काढून ठेवा. हे मी मूळ पोस्टमध्ये लिहिलंच नव्हतं आणि खरं तर सगळ्यात जास्त तोच बोलतो. प्लेट झिजली की बोटं बाहेर येतात, लिव्हर सरकतो, फ्री प्ले (पेडलची सुरुवातीची मोकळी चाल) कमी होतो, म्हणून दर वेळी नट ढिला करावा लागतो आणि तो टोकाकडे जात राहतो. केबल ताणली गेली की उलटं, फ्री प्ले वाढतो आणि नट आत आवळावा लागतो. तुमची केबल नवी आहे, म्हणजे ताणल्याचा प्रश्न नाही. तरीही नट पार टोकाला ढिला करूनच फ्री प्ले मिळत असेल तर मिस्त्रीचा अंदाज खरा निघायची शक्यता बरीच आहे.

मग नट सोडून केबल लिव्हरवरून काढा आणि कुणालातरी पेडल हाताने दाबायला सांगा. मोकळं पेडल हाताने सहज खाली गेलं पाहिजे. तेव्हाही जड किंवा करकरीत लागलं तर दोष गिअरबॉक्सच्या अलीकडे आहे, केबल नाहीतर पेडलचा बुश. केबलची आतली तार पुढेमागे ओढून बघा, पण केबल जागेवर असतानाच, बाहेर सरळ धरून नाही, कारण नवी केबलसुद्धा बॅटरीच्या मागून कचकन वळवून बसवली तर वळणावरच घासते. (माझी पहिली नवी केबल एका गॅरेजवाल्याने अशीच बसवली होती आणि मी त्या कंपनीच्या केबलला वर्षभर शिव्या घातल्या.)

पेडल हलकं गेलं तर मोर्चा लिव्हरकडे. बेअरिंग बोटांना टेकेपर्यंत लिव्हरला थोडी मोकळी चाल असते, तेवढ्या चालीत तो हाताने हलवा, त्यापुढे हाताने दबणार नाही, झटापट करू नका. त्या मोकळ्या चालीतच वाळू भरल्यासारखं लागलं तर फोर्कचा शाफ्ट गंजलाय किंवा बेअरिंग ज्या नळीवर सरकतं तिला घळी पडल्यात. आमच्या चिपळूणच्या पावसात शाफ्ट गंजणं नवीन नाही. चाल गुळगुळीत आणि तरीही पेडल जड, तर मग राहिली प्रेशर प्लेट, आणि गिअरबॉक्स उतरवणं आलंच.

एक विचारायचं राहिलं, तुम्ही 'रफ' म्हणालात ते पेडल दाबताना की क्लच सोडून गाडी पहिल्या गिअरला उचलताना? उचलताना गाडी थरथरत असेल तर ते वेगळंच प्रकरण, प्लेटला इंजिनच्या मागच्या सीलमधून ऑइल लागलं असेल, प्लेट जळून चकचकीत झाली असेल, किंवा इंजिनचं माउंटिंग बसलं असेल. आवाजाचंही तसंच, पेडल दाबल्यावर घरघर येते तर रिलीज बेअरिंग, आणि दाबल्यावर जी घरघर बंद होते ती गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगची.

इनोव्हासारख्या हायड्रॉलिक क्लचवाल्यांनी यातलं केबलचं सोडून द्यावं. तिथे मी एवढंच बघतो की कुणी ब्रेक ऑइलच्या जागी भलतं ऑइल तर ओतलं नाही ना, त्याने सीलचं रबर फुगतं आणि पेडल जड होतं, परत वर यायलाही वेळ लावतं.

आणि शेवटी सेटच टाकायची वेळ आली तर प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग तिन्ही एकदम टाका, मजुरी सगळी गिअरबॉक्स काढण्या-घालण्याची असते. त्याच वेळी फोर्कचा शाफ्ट, ती नळी आणि मागचं ऑइल सील स्वतः उभं राहून बघा, जुना माल गाडीत टाकून घरी आणा. जुन्या प्लेटवर रिव्हेटच्या वर किती मटेरियल उरलंय ते नखाने कळतं.

ऑइलचं आणि स्लिपचं, दोन्ही वाक्यं जुन्या पोस्टमधून आज खोडली, खाली तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेख केलाय. नव्या केबलचे पैसे तुमचे गेले त्याबद्दल सॉरी, ती आधी बदलून बघा, ऑइल न घालता. नटचा फोटो तेवढा टाका इथे.