सिंधू मुद्रेवरचा एकशिंगी प्राणी सैबेरियाचा गेंडा नव्हे

‘युनिकॉर्न खरा होता! सैबेरियात २९,००० वर्षांपूर्वीपर्यंत जिवंत होता, कपाळावर दोन मीटरचं शिंग होतं आणि आपल्या सिंधू मुद्रांवर तोच कोरलाय,’ असा मजकूर चित्रासकट सारखा फिरतोय. त्यातला प्राणी खरा आहे, नाव इलास्मोथेरियम. १८०८ मध्ये निसर्गशास्त्रज्ञ फिशर फॉन वाल्डहाइम यांनी केवळ एका खालच्या जबड्यावरून हे नाव दिलं. पण तो गोष्टीतल्या युनिकॉर्नसारखा एकशिंगी घोडा नव्हता. साडेतीन टनांच्या आसपास वजनाचा, व्होल्गाकाठापासून कझाकस्तानपर्यंतच्या मैदानांत राठ गवत चरणारा गेंडा होता.

२९,००० हा आकडा कझाकस्तानातल्या पावलोदार भागात मिळालेल्या कवटीचा, २०१६ मधला. दोनच वर्षांनी अनेक नमुन्यांचं अधिक काटेकोर कालमापन झालं आणि हा प्राणी सुमारे ३९,००० वर्षांपूर्वीपर्यंत टिकून होता एवढंच खात्रीनं सांगता आलं. त्या काळी युरेशियात माणूस होता, त्यामुळे त्यानं हा गेंडा पाहिला असणं शक्य आहे. तेवढं मी मान्य करतो.

शिंग मात्र आजवर एकही सापडलेलं नाही. गेंड्याचं शिंग हाडाचं नसतं. आपल्या नखांसारखं केराटिनचं असतं आणि सहसा कुजून जातं. कवटीच्या कपाळावर घुमटासारखा मोठा उंचवटा आहे, सगळा अंदाज त्यावरून. काही संशोधकांना तिथे आखूड शिंगच असावं असं वाटतं. म्हणजे ‘दोन मीटर’ हे मोजमाप नाही, चित्रकाराची कल्पना आहे.

सर्वांत चुकीचा भाग मुद्रांचा. सिंधू संस्कृतीतल्या या मुद्रा, म्हणजे कोरीव शिक्के, साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या. मधे तीस हजारांहून अधिक वर्षांचं अंतर आहे. शिवाय मुद्रेवरचा एकशिंगी नीट पाहा: बैलासारखं सडपातळ अंग, दुभंगलेले खूर, लांब मान, गोंडेदार शेपूट. सिंधू कारागिरांना गेंडा ठाऊक नव्हता असंही नाही. दुसऱ्या मुद्रांवर त्यांनी भारतीय गेंडा कातडीच्या घड्यांसह इतका अचूक कोरलाय की ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. आपल्याच महाराष्ट्रातल्या दायमाबादला १९७४ मध्ये सापडलेल्या चार प्राचीन धातूशिल्पांतही हत्ती, रेडा आणि बैलगाडीसोबत चाकांवरचा गेंडा आहे. गेंडा दाखवायचा असेल तेव्हा ही माणसं गेंडाच घडवत.