अक्षरं आली, पण मुलं वाचणार कशाबद्दल?

२०२५च्या एप्रिल ते जूनमध्ये पहिलीपासून तिसरी भाषा हवी की नको, यावर सगळा महाराष्ट्र बोलत होता. शासन निर्णय आले, मोर्चाची तयारी झाली, २९ जूनला ते निर्णय मागे घेतल्याचं जाहीर झालं. तो विरोध रास्तच होता आणि मी त्यात होते. पण त्याच जूनमध्ये पहिलीला नवा अभ्यासक्रम लागू झाला, पुढच्या इयत्तांना तो टप्प्याटप्प्याने येतो आहे. मराठीच्या तासाला आपली मुलं नेमकं कशाबद्दल वाचणार, हे विचारणारं मात्र जवळपास कुणी दिसलं नाही. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांसोबत काम करताना हा प्रश्न मला रोज भेटतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी अक्षरांचं, कारण तिथे घाई करून चालत नाही. देवनागरी सोपी, लिहितो तसं वाचतो, असं आपण सहज म्हणून जातो. सहा वर्षांच्या मुलाच्या बाजूने बघा. ‘किती’मधली पहिली वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, पण म्हणायची ‘क’च्या नंतर. ‘सूर्य’मधला रफार बसतो ‘य’च्या डोक्यावर आणि म्हणायचा ‘य’च्या आधी. ‘घर’मधला ‘र’ लिहायचा पूर्ण आणि उच्चारायचा अर्धा. त्यामुळे ‘घ... र...’ असं सुटं सुटं म्हणणाऱ्या मुलाला त्यातून ‘घर’ ऐकूच येत नाही. वर बाराखडी आणि जोडाक्षरं. वाचनाच्या संशोधक सोनाली नाग यांनी कन्नड मुलांचा अभ्यास केला, तेव्हा सगळी अक्षरं पक्की व्हायला चौथी-पाचवी उजाडते असं दिसलं. आपल्या लिपीची रचना तशीच आहे. तेव्हा दिवाळीपर्यंत मुळाक्षरं संपवली की वाचन आलं, असं होत नाही.

फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सीन बर्नसन यांनी हे फार आधी ओळखलं. सगळी मुळाक्षरं क्रमाने घोकून मगच शब्द, ही वाट त्यांनी सोडली. मोजकी अक्षरं, एखाद-दुसरं स्वरचिन्ह, आणि लगेच त्यांतून मुलाच्या ओळखीचे शब्द. वाडा तालुक्यातल्या सोनाळ्याला नीलेश निमकर आणि त्यांच्या क्वेस्ट या संस्थेनेही वर्णसमूह करून, म्हणजे थोडी थोडी अक्षरं एकत्र घेऊन, शिकवण्याचं मोठं काम उभं केलं. हे सगळं मराठीत, आपल्या मुलांसोबत झालेलं आहे. तरीही फळ्यावरचं पाटीवर उतरवून घेणं हाच अजून कितीतरी वर्गांचा पहिला पाठ आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

अमेरिकेत दुसरीच चूक झाली. चित्र बघ, पहिलं अक्षर बघ, मागचा-पुढचा संदर्भ घे आणि शब्द ओळख, असा अंदाजपंचे मार्ग तिथल्या मुलांना वर्षानुवर्षं शिकवला गेला. २०००मध्ये तिथल्या नॅशनल रीडिंग पॅनेल या तज्ज्ञ समितीने ध्वनी आणि अक्षरांचं नातं पद्धतशीर शिकवण्याच्या बाजूने कौल दिला, तरी तो मार्ग लवकर सुटला नाही. मिसिसिपी या गरीब राज्याने २०१३मध्ये कायदा केला, शिक्षकांना वाचनाचं शास्त्र नीट शिकवलं, शाळांत मार्गदर्शक पाठवले. चौथीच्या राष्ट्रीय वाचन चाचणीत ते राज्य ४९व्या क्रमांकावरून २०२४पर्यंत नवव्या क्रमांकावर आलं. (तिसरीत मुलांना मागे ठेवायची तरतूदही त्या कायद्यात होती. ती मला मान्य नाही.)

इथवर बहुतेक शिक्षकांना पटतं. पुढचं पटवताना जास्त बोलावं लागतं.

हे वाक्य बघा: ‘पावसाने ओढ दिली आणि दुबार पेरणीचं संकट उभं राहिलं.’ दादरची चौथीतली मुलगी हे घडाघडा वाचेल. पाऊस ओढ देतो म्हणजे काय, एकदा पेरलेलं पुन्हा पेरायला लागलं तर घरात काय होतं, हे तिला ठाऊक नसेल तर तिने वाचलं काय? उलट मेळघाटातल्या मुलासमोर ‘सिग्नल बिघडल्याने लोकल रखडल्या आणि चाकरमान्यांना लेटमार्क लागला’ हे ठेवा. दोघांचीही अक्षरं पक्की आहेत. अडलंय ते विषयाच्या ओळखीपाशी.

गफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६मध्ये हे फार नेमकं मांडलं. वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडता येणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नाही, गुणाकार. दोन्हींतलं एक शून्य असेल तर उत्तर शून्य. १९८८मध्ये रेक्ट आणि लेस्ली या दोघी संशोधकांनी अमेरिकेतल्या सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात हुशार पण खेळ न कळणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. आपल्याकडची क्रिकेटवेडी ‘अप्रगत’ पोरं सामन्याची बातमी कशी वाचतात, हे पाहिलेल्या शिक्षकाला याचं नवल वाटणार नाही.

आणि आपण शाळेत काय करतो? तिसरीच्या शेवटी मिनिटाला किमान ६० शब्द, तेही समजून, हे निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत साक्षरतेच्या मोहिमेचं लक्ष्य आहे. लक्ष्य चांगलंच आहे. पण घड्याळ लावून शब्द मोजता येतात, समज तशी मोजता येत नाही, म्हणून सगळा जोर वेगावर जातो. ‘असर’ या शिक्षणाच्या देशव्यापी सर्वेक्षणाच्या २०२४च्या अहवालाप्रमाणे ग्रामीण भारतात तिसरीतल्या शंभरातल्या साधारण २७ मुलांनाच दुसरीचा मजकूर वाचता येतो. हा आकडा डोक्यावर असताना शिक्षक घाबरतात, आणि परिसर अभ्यासाचा तास वाचनाच्या जादा सरावाला देऊन टाकतात. माझं सगळ्यात मोठं भांडण इथे आहे. जिथे मूल भूजल, पाणलोट, ग्रामसभा, स्थलांतर, पचन हे शब्द त्यांच्या अर्थासकट मिळवतं, तोच तास आपण वाचनासाठी कापतो. मग पाचवी-सहावीत इतिहास-भूगोलाची पुस्तकं समोर आली की हीच मुलं गप्प होतात.

जादा सरावात असतं काय? उतारा वाचा आणि प्रश्नांची उत्तरे लिहा. हे बनावट वाक्य घ्या: ‘लंबूने टेकाडावर तीन पिंगुर्ले गुफळले.’ लंबूने काय गुफळले? कुठे गुफळले? किती? तुम्ही तिन्ही उत्तरं बरोबर दिलीत, पूर्ण गुण मिळवलेत, आणि तुम्हाला काहीही कळलेलं नाही. आज कुत्र्यावर उतारा, उद्या चांद्रयान, परवा प्रामाणिक लाकूडतोड्या. मुख्य कल्पना ओळखण्याचं कौशल्य असं हवेत घोटून येत नाही. विषय थोडाफार माहीत असला, तर त्यातलं मुख्य काय आणि किरकोळ काय हे कळतं.

म्हणून शाळेसाठी वाचनाचा कार्यक्रम किंवा पुस्तकांचा संच निवडायची वेळ आली की मी सलग पाच पाठ उघडून बघते. पहिल्या पाठात कळलेलं तिसऱ्यात कामी येतं का? पाणी हा विषय धरला तर तीन-चार आठवडे पाण्यातच राहू दे. विहीर आणि आड, पाऊस मोजतात कसा, गावाला टँकर का लागतो, कोयनेचं धरण, धरणामुळे उठलेली गावं, पाण्यावरची एखादी कविता. तेच शब्द पुन्हा पुन्हा, दर वेळी थोड्या नव्या संगतीत भेटतील. पहिली-दुसरीत मुलांना स्वतःला वाचता येतं त्याहून कितीतरी अवघड ऐकून समजतं. त्यामुळे त्या वर्षांत बाईंनी रोज वीस मिनिटं मोठ्याने वाचून दाखवायचं आणि त्यावर गप्पा मारायच्या. संचात मोठ्याने वाचायचं पुस्तकच नसेल, नुसते कृतिपत्रिकांचे गठ्ठे असतील, तर तो कितीही रंगीत असला तरी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

याला पुरावा आहे का? कोलोरॅडोत असा ज्ञान रचत नेणारा अभ्यासक्रम चालवणाऱ्या ९ शाळांचा अभ्यास २०२३मध्ये आला. प्रवेश सोडतीने होते, त्यामुळे नंबर लागलेल्या आणि न लागलेल्या मुलांची तुलना करता आली. नंबर लागलेली मुलं वाचनात स्पष्टपणे पुढे गेली. त्या शाळा बऱ्याचशा सुस्थितीतल्या वस्त्यांतल्या होत्या, आणि चांगली शाळा म्हणजे फक्त अभ्यासक्रम नव्हे, हेही लक्षात ठेवायला हवं. पण दिशा मला पुरेशी भक्कम वाटते.

एक आक्षेप मात्र मी मनावर घेते: ज्ञान म्हणजे कुणाचं ज्ञान? वारली घरातल्या मुलाला रानभाज्या, पावसाची लक्षणं, मासे धरायच्या जागा पाठ असतात, आणि पुस्तकात त्यातलं काही नसतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला मुलांच्या भोवतीच्या वस्तूंपासून सुरुवात केली, ती दिशा आजही बरोबर आहे. पण सुरुवात म्हणून. रानभाज्यांवरून मुलाला वनस्पतीचं अन्न, माती, वनहक्क इथपर्यंत नेलं नाही, तर आपण त्याला त्याच्या पाड्यातच ठेवलं. शहरातल्या खासगी शाळेतलं मूल हे सगळं घरच्या गप्पांतून आणि सहलींतून मिळवतं. ज्याच्या घरी पुस्तक नाही, त्याला ते शाळेनेच द्यायला हवं.

आता एक कामाची विनंती. आम्ही काही शिक्षक मिळून तिसरी-चौथीसाठी एकेका विषयाभोवती वाचनाचे गठ्ठे बांधतो आहोत: पाणी, माती, बाजार, आपलं शरीर, जुनी गावं. गोष्टी भरपूर मिळतात. माहितीपर आणि तरीही वाचावीशी वाटणारी मराठी पुस्तकं फार कमी सापडताहेत, विशेषतः माती आणि बाजार या विषयांवर. तुमच्या शाळेत किंवा घरात अशी पुस्तकं असतील, जुन्या अंकातला एखादा लेख आठवत असेल, तर नाव नक्की कळवा. छपाईत नसलेलं असलं तरी चालेल, शोधू.